मुलगी खासगी विद्यापीठात जाते तेव्हा

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

मी बचत गटांची समन्वयक आहे. नेहमी मी तुमच्याशी हप्ते, व्याज आणि बँक जोडणी यांवर बोलते. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण पैशाशी आणि लेकीशी त्याचा जवळचा संबंध आहे.

बारावीचा निकाल लागला की गावात नवीन माणसं दिसायला लागतात. आठवडी बाजारात टेबल लागतं, मोफत पिशवी आणि पेन वाटलं जातं. पोरीचा फोन नंबर कुठून मिळतो कोण जाणे, दिवसाला चार-पाच फोन येतात. "अभिनंदन, तुमच्या मुलीची आमच्या विद्यापीठात निवड झाली आहे, आज जागा राखून ठेवा, उद्या फी वाढेल." मग गटाच्या बैठकीत हप्ता भरता भरता एखादी हळूच विचारते, "ताई, तिकडं घालावं का पोरीला? युनिव्हर्सिटी आहे म्हणतात, कॉलेजपेक्षा मोठं असेल ना?"

आज या प्रश्नाचं सविस्तर उत्तर देते. आधी कॉलेज आणि विद्यापीठ यांतला फरक पाहू. आपल्या तालुक्याचं कॉलेज एखाद्या सरकारी विद्यापीठाला जोडलेलं असतं. शिकवतं कॉलेज, पण परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. खासगी विद्यापीठाचं तसं नसतं. तिथं शिकवणारे तेच, पेपर काढणारे तेच, तपासणारे तेच आणि पदवी देणारेही तेच. ते राज्याच्या विधिमंडळाने केलेल्या कायद्याने उभं राहतं आणि फीवर चालतं. दुसरी कॉलेजं त्याला स्वतःला जोडून घेता येत नाहीत. म्हणून एखादा म्हणाला, "आमचं कॉलेज अमुक खासगी विद्यापीठाला जोडलेलं आहे," तर तिथंच थांबा आणि कागद मागा.

विद्यापीठ हा शब्द ऐकून मोठी इमारत, हजारो मुलं डोळ्यांसमोर येतात. पण काही खासगी विद्यापीठं लहान असतात. एखाद-दोन इमारती, हजार-दीड हजार मुलं, माळावर उभं केलेलं हॉस्टेल. लहान म्हणजे वाईट नाही आणि खासगी म्हणजे फसवं नाही. आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण सांगते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्याजवळ हिंगण्याला महिला विद्यापीठ सुरू केलं, तेव्हा ते खासगीच होतं. सुरुवातीला विद्यार्थिनी होत्या पाच. सरकारची मान्यता नव्हती, लोकवर्गणीवर काम चालायचं. शिकवणं मातृभाषेत, म्हणून साध्या घरातल्या, विधवा झालेल्या बायकाही शिकू शकल्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव विद्यापीठाला मिळालं. तेच आजचं एस.एन.डी.टी. पण कायद्याने मान्यता मिळायला १९५१ साल उजाडलं. म्हणजे पस्तीस वर्षं तिथल्या मुली उत्तम शिकल्या, तरी सरकारदरबारी त्यांची पदवी इतरांच्या बरोबरीची नव्हती. शिकवण चांगली असणं आणि पदवीला मान्यता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या लेकीला दोन्ही हव्यात.

आता उलट उदाहरण. २००२ साली छत्तीसगड राज्याने खासगी विद्यापीठांसाठी असा सैल कायदा केला की थोड्याच काळात तिथं शंभराहून जास्त विद्यापीठं कागदावर उभी राहिली. काहींकडे धड इमारतसुद्धा नव्हती. प्राध्यापक यशपाल हे नावाजलेले शास्त्रज्ञ, ते या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले. २००५ साली न्यायालयाने त्या कायद्यातली ही तरतूदच रद्द केली आणि ती विद्यापीठं गेली. मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून त्यांच्या संस्था सरकारी विद्यापीठांना जोडून घेण्याची वाट न्यायालयाने दाखवली. तरी त्या घरांनी तेव्हा काय काळजी केली असेल, ती आई असलेल्या बाईला सांगावी लागत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, नाव तपासा. विद्यापीठ अनुदान आयोग, ज्याला मुलं यूजीसी म्हणतात, त्यांच्या संकेतस्थळावर मान्य विद्यापीठांची यादी असते. बोगस विद्यापीठांची यादीही तेच जाहीर करतात. मोबाईलवर पाच मिनिटांचं काम आहे. गटातल्या कुठल्याही शिकत्या पोरीला सांगा, ती काढून देईल. नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा.

दुसरी गोष्ट, नुसतं विद्यापीठ मान्य असून भागत नाही. काही अभ्यासक्रमांना वेगळ्या परिषदेची मान्यता लागते. फार्मसी असेल तर भारतीय फार्मसी परिषद, वकिली असेल तर बार कौन्सिल, नर्सिंग असेल तर नर्सिंग परिषद, बी.एड. असेल तर राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषद. ही मान्यता नसेल तर पदवीचा कागद हातात असूनही मुलीची नोंदणी होत नाही. नोंदणी नाही तर औषधाच्या दुकानात ती फार्मासिस्ट म्हणून उभी राहू शकत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्याच एका गटातल्या ताईंच्या मुलीचं असं झालं. त्यांनी कानातलं गहाण ठेवून पहिला हप्ता ६० हजार भरला होता. वर्ग सुरू होऊन आठ दिवस झाले आणि मुलीचा रडत फोन आला. वरच्या वर्गातली मुलं सांगत होती की फार्मसीची मान्यता अजून "येणार आहे". ताई, त्यांचा भाऊ आणि मी, आम्ही तिघं गेलो. ऑफिसातला माणूस म्हणाला, "प्रवेश रद्द करायचा तर करा, पण मूळ कागद मिळणार नाहीत. चारही वर्षांची फी भरा आणि घेऊन जा." ताई खाली बसल्या. चार वर्षांची फी त्यांच्या घराच्या किमतीएवढी होती.

मैत्रिणींनो, अशा वेळी आवाज चढवू नका, कागद काढा. यूजीसीची २०१८ सालची अधिसूचना आहे. तिच्यात स्वच्छ म्हटलंय की कुठलीही संस्था मुलांची दहावी-बारावीची गुणपत्रकं, दाखला, अशी मूळ कागदपत्रं अडकवून ठेवू शकत नाही. तपासून लगेच परत द्यायची. आणि प्रवेश सोडला तर पैसे किती परत द्यायचे याचेही टप्पे ठरवलेत. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सोडला तर पूर्ण फी, त्यातून फक्त थोडा कार्यालयीन खर्च कापायचा. शेवटच्या तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८० टक्के. १५ ते ३० दिवसांत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. अलीकडे आयोगाने काही वर्षी मुलांच्या सोयीच्या वेगळ्या तारखाही दिल्यात, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक बघायचं. ध्यानात ठेवायचं ते एवढंच की एकेक दिवस पैशाचा असतो. "बघू, दिवाळीला पोरगी आली की ठरवू" असं इथं चालत नाही.

आम्ही तिथंच बसून अर्ज लिहिला. दोन प्रती केल्या, एकीवर आवक नोंदीचा शिक्का आणि तारीख घेतली. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली, तेव्हा घरी येऊन तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला. मग यूजीसीच्या ई-समाधान या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली, सोबत पावतीचा फोटो जोडला. बाविसाव्या दिवशी मूळ कागद मिळाले. पैसे यायला आणखी वेळ गेला, पण ६० हजारांतले ४८ हजार खात्यात आले. १२ हजार गेले, ते गेलेच. मुलीने ते वर्ष तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला काढलं, पुन्हा परीक्षेचा अभ्यास केला आणि पुढच्या वर्षी सरकारी प्रवेश प्रक्रियेतून तिला मान्यता असलेल्या कॉलेजात फार्मसीला जागा मिळाली.

आता तिसरी गोष्ट, पैसा. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं "फी फक्त सव्वा लाख". आपण बायका हिशेबात पक्क्या आहोत, तर हिशेब मांडू. सव्वा लाख ही झाली शिकवणी. हॉस्टेल आणि मेस वर्षाला ८५ हजार धरा. परीक्षा फी, गणवेश, लॅपटॉप, येणं-जाणं असं २० हजार. झाले वर्षाचे दोन लाख तीस हजार. चार वर्षांचे नऊ लाख वीस हजार. शिवाय दरवर्षी फी वाढते का, किती वाढते, हे लेखी विचारायचं. तोंडी "वाढत नाही हो" म्हणणारा माणूस पुढच्या वर्षी त्या नोकरीत नसतो.

आणि यातली सगळ्यात महत्त्वाची बाब, जी माहितीपत्रकात सापडत नाही. महाराष्ट्र सरकारने ८ जुलै २०२४ रोजी शासन निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक आणि शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. पण अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झाला पाहिजे, व्यवस्थापन कोट्यातून नाही. आणि खासगी अभिमत विद्यापीठं व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. म्हणजे तीच मुलगी, तीच पदवी, पण एका दारातून गेली तर शिकवणी माफ आणि दुसऱ्या दारातून गेली तर सव्वा लाख. म्हणून आधी केंद्रीय प्रवेशाचा फॉर्म भरा, सगळ्या फेऱ्या होऊ द्या. "आजच जागा भरा" म्हणणाऱ्याला आजच पैसे हवे असतात, कारण फेऱ्या लागल्यावर तुम्ही त्याच्याकडे कदाचित जाणार नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या वेगळ्या योजना आहेत, त्यासाठी समाजकल्याण किंवा आदिवासी विकास कार्यालयात जाऊन त्या संस्थेचं नाव यादीत आहे का ते विचारा.

कर्जाचंही सांगते. गटातून एक लाख उचलले आणि आपला दर महिना शेकडा दोन असेल, तर महिन्याला दोन हजार नुसतं व्याज. वर्षाचे २४ हजार. गटाचं अंतर्गत कर्ज शेळी, शिवणयंत्र, आजारपण अशा कामांसाठी आहे, कारण ते लवकर फिरतं. चार वर्षांचं शिक्षण त्यावर ओढायला गेलात तर घरही दमतं आणि गटही दमतो, बाकीच्यांचे पैसे अडकतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा दर यापेक्षा बराच कमी असतो. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचं नसतं. परतफेड साधारणपणे शिक्षण संपून एक वर्ष झाल्यावर सुरू होते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून लागतं, हे विसरू नका. बँकेने तोंडी नकार दिला तर लेखी नकार मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा साहेबांना फाईल सापडते.

मैत्रिणींनो, आता थोडं आतलं जग. गेल्या हिवाळ्यात आम्ही सात जणी एका लहान खासगी विद्यापीठात गेलो होतो. आमच्या गावची एक मुलगी तिथं दुसऱ्या वर्षाला संगणकाचं शिकते. तिची आई आमच्या गटाची सचिव. आम्हाला बघायचं होतं की पोरी तिथं राहतात कशा, शिकतात कशा.

वर्गात पस्तीस मुलं होती. शिकवणाऱ्या मॅडम प्रत्येकाला नावाने ओळखत होत्या. आमची पोरगी दोन दिवस तापाने गेली नाही तर मॅडमनी स्वतः हॉस्टेलला फोन केला होता. लहान ठिकाणाचा हा मोठा फायदा. तिच्या मोठ्या भावाच्या कॉलेजात वर्गात सव्वाशे मुलं, तो आठवडाभर गेला नाही तरी कोणाला पत्ता नसतो. तोटाही दिसला. ग्रंथालय आपल्या ग्रामपंचायतीच्या सभागृहाएवढं. एका विषयाला एकच शिक्षक, ते नोकरी सोडून गेले तर महिनाभर तास नाही. म्हणून जाल तेव्हा इमारतीची काच बघू नका, चार प्रश्न विचारा. कायम शिक्षक किती? ते इथं किती वर्षं आहेत? प्रयोगशाळेत एका यंत्रावर किती मुलं? मागच्या वर्षी किती मुलं प्रवेश घेऊन मधेच सोडून गेली? उत्तर ऑफिसात मिळालं नाही तर कँटीनमध्ये मुलांकडून मिळतं.

अभ्यासाची पद्धतही समजून घ्या. आता वर्षाचे दोन भाग, त्याला सेमिस्टर म्हणतात. प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. साधारण पंधरा तास शिकवलं की एक क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६० क्रेडिट लागतात. हे क्रेडिट मुलीच्या नावाने एका बँकेत जमा होतात, तिचं नावच अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. आपल्या गटाचं पासबुक जसं, तसंच समजा. घरच्या अडचणीने मुलीला मधे थांबावं लागलं तर झालेला अभ्यास फुकट जाऊ नये, हा हेतू. म्हणून "क्रेडिट खात्यात जमा झालं का?" असं मुलीला दर सेमिस्टरला विचारा. हप्ता भरल्यावर पासबुकावर नोंद बघतो ना आपण, तसंच.

खासगी विद्यापीठात बरेच गुण वर्षभराच्या कामावर असतात. लहान परीक्षा, प्रकल्प, वर्गापुढे उभं राहून बोलणं. हजेरी बहुतेक ठिकाणी ७५ टक्के लागते. इथं आपलं कुठं चुकतं ते बघा. जत्रा, चुलत बहिणीचं लग्न, ऊसतोड, आजीचं दुखणं, प्रत्येक वेळी पोरीलाच फोन जातो, मुलाला जात नाही. दहा-दहा दिवसांच्या तीन चकरा झाल्या की हजेरी गेली आणि परीक्षेला बसता येत नाही. भरलेली फी मात्र परत येत नाही. लेकीला शिकायला पाठवलं तर तिच्या वेळेचीही किंमत करा.

आणि भाषा. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी तिथं पहिल्या दिवशी इंग्रजी ऐकून गप्प होते. आमची सचिवाची लेक पहिले तीन महिने वर्गात एक शब्द बोलली नव्हती. तिला वाटायचं, आपण ढ आहोत. मग तिने आणि नगर जिल्ह्यातल्या एका मुलीने मिळून ठरवलं, रोज संध्याकाळी त्या दिवसाचा धडा एकमेकींना मराठीत समजावायचा आणि मग इंग्रजीत लिहायचा. आज त्यांच्या खोलीत आठ मुली बसतात. मी तिला म्हटलं, "अगं, हा तर बचत गटच झाला." ती हसली आणि म्हणाली, "ताई, आम्ही गैरहजर राहणारीला पाच रुपये दंडपण ठेवलाय."

शेवटची गोष्ट सुरक्षेची, आणि ती लेकीसमोर मोकळेपणी बोला. रॅगिंग हा गुन्हा आहे. त्यासाठी देशभर चालणारा मोफत नंबर आहे, १८००-१८०-५५२२. हा मुलीच्या फोनमध्येही टाका आणि तुमच्याही. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे, यूजीसीचे २०१५ सालचे नियम तसं सांगतात. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. बाकी फी, गुण, हॉस्टेल यांच्या तक्रारींसाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते आणि तिच्यावर लोकपाल असतो. प्रवेशाच्या दिवशीच विचारा, "या समित्यांवर कोण आहे, नावं कुठं लावलीत?" विचारणारी आई बघितली की ऑफिसची बोलण्याची रीत बदलते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि लेकीला एक वाक्य नक्की सांगून पाठवा, "काही झालं तरी आधी मला सांग, मी तुझं शिकणं बंद करणार नाही." पुष्कळ मुली त्रास सोसतात तो या भीतीने, की घरी कळलं तर बॅग भरून परत नेतील आणि स्थळ बघतील.

तर मैत्रिणींनो, खासगी विद्यापीठात घालू नका असं मी म्हणत नाही. चांगली लहान विद्यापीठं आहेत, तिथं पोरी घडतात. पण नाव तपासा, परिषदेची मान्यता तपासा, केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या होऊ द्या, पूर्ण चार वर्षांचा हिशेब मांडा, प्रत्येक पैशाची पावती घ्या आणि मूळ कागद हातातून सोडताना पोच घ्या. या महिन्याच्या बैठकीत ज्यांच्या घरी बारावीची मुलगी आहे, त्यांनी माहितीपत्रक सोबत आणा. हप्ते झाले की अर्धा तास आपण सगळ्या मिळून ते वाचू. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी तर आवर्जून या, कारण खरे प्रश्न त्याच विचारतात.